धर्ममातेचा सल्ला : जेन ऑस्टिनच्या ‘पर्स्वेजन’चे सहवाचन

‘पर्स्वेजन’ या शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द कोणता, या प्रश्नावर आमच्या वाचनमंडळाची पहिली बैठक जवळजवळ सगळी खर्ची पडली. ‘मनधरणी’ म्हणावे, तर रुसलेले माणूस डोळ्यांपुढे येते. ‘गळ घालणे’ म्हणावे, तर गळ घालणाऱ्याचा स्वार्थ डोकावतो. ‘भरीस घालणे’ म्हटले की सल्ला वाईट होता हे आधीच ठरून जाते, आणि ‘समजूत घालणे’ म्हटले की तो चांगलाच होता असे गृहीत धरल्यासारखे होते. ‘मन वळवणे’ हा त्यातल्या त्यात तटस्थ प्रयोग. पण मन आपणहून वळले की कोणी वळवले, हे तोही सांगत नाही. इंग्रजी शब्दात या सर्व छटा एकत्र नांदतात. हे शीर्षक लेखिकेच्या निधनानंतर तिचा भाऊ हेन्री याने दिले असे मानले जाते. दिले कोणीही असो, कादंबरीचा सारा पेच त्या एका शब्दात मावला आहे हे खरे.

आमचे मंडळ म्हणजे दहाबारा जणांचा मेळ. महिन्यातून एका रविवारी संध्याकाळी आम्ही बसतो. त्यात दोन शिक्षिका आहेत, बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत, महाविद्यालयात शिकणाऱ्या तिघी आहेत, विवाहपूर्व मार्गदर्शनाचे वर्ग घेणारे एक दांपत्य आहे आणि नवरा बोटीवर असलेली एक गृहिणी आहे. मूळ इंग्रजी सर्वांना सारखेच झेपते असे नाही. म्हणून दोन्ही शिक्षिका आळीपाळीने प्रकरणाचा मराठीतून गोषवारा सांगत आणि महत्त्वाचे उतारे मुळातून मोठ्याने वाचले जात. ऑस्टिन मोठ्यानेच वाचावी असे आता आमचे ठाम मत झाले आहे. तिचा उपरोध डोळ्यांच्या आधी कानाला कळतो.

जेन ऑस्टिन १७७५ साली हॅम्पशर परगण्यातील एका पाळकाच्या घरी जन्मली आणि १८१७ च्या जुलैत, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, विंचेस्टर येथे वारली. ‘पर्स्वेजन’ ही तिने पूर्ण केलेली अखेरची कादंबरी. १८१५ च्या ऑगस्टात लिहावयास घेतलेली, १८१६ च्या ऑगस्टात हातावेगळी केलेली आणि तिच्या मृत्यूनंतर १८१७ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झालेली. हयातीत तिच्या एकाही पुस्तकावर तिचे नाव नव्हते. ते वाचकांना या प्रकाशनाच्या वेळी हेन्रीने लिहिलेल्या चरित्रटिपणातून उमगले.

कथानक थोडक्यात असे. सॉमरसेटमधील केलिंच हॉलचे मालक सर वॉल्टर एलियट हे विधुर सरदार. स्वतःचे रूप आणि स्वतःची पदवी यांपलीकडे त्यांना जगात काही दिसत नाही. त्यांची मधली कन्या ॲन चौदा वर्षांची असताना आई गेली. आईची जिवलग मैत्रीण लेडी रसेल हिने तिला आईची माया दिली. ही लेडी रसेल ॲनची धर्ममाता आहे, ही गोष्ट इंग्रज समीक्षक सहसा जाता जाता सांगतात. आमच्या मंडळाने मात्र ती पेन्सिलीने अधोरेखित केली. आपल्याकडे बाप्तिस्म्याच्या वेळी उभी राहिलेली बाई पुढे आयुष्यभर त्या लेकराच्या सुखदुःखात बोलण्याचा अधिकार राखून असते, हे कोणाला सांगावयास नको.

१८०६ साली, एकोणिसाव्या वर्षी, ॲनचे फ्रेडरिक वेंटवर्थ या तरुण नौदल अधिकाऱ्यावर मन जडले. तो बुद्धिमान, धडाडीचा, पण कफल्लक. नशीब काढीन या आत्मविश्वासाखेरीज त्याच्यापाशी दाखवायला काही नव्हते. वडिलांनी नकार दिला नाही, थंड मौन मात्र धरले आणि मुलीसाठी काही न करण्याचे ठरवले. ते मौन ॲनने कदाचित सोसलेही असते. लेडी रसेलचे प्रेमळ, सातत्याचे, तळमळीचे बोलणे तिला टाळता आले नाही. ही वाङ्निश्चयाची गाठ अविचाराची आहे, अनिश्चित व्यवसायातल्या माणसाची वाट पाहण्यात तू तरुणपणी झिजून जाशील आणि त्याच्याही पायांत बेडी होशील, असे तिने पटवले. ॲनने वचन मोडले. वेंटवर्थ दुखावून निघून गेला. आठ वर्षांनी, ॲन सत्तावीस वर्षांची आणि रूप ओसरलेली असताना, तो पंचवीस हजार पौंडांचा धनी असलेला कॅप्टन होऊन त्याच टापूत परततो. त्याच्या बहिणीच्या नवऱ्याने, ॲडमिरल क्रॉफ्टने, कर्जात बुडालेल्या सर वॉल्टरचे केलिंच हॉल भाड्याने घेतले आहे. इथून कादंबरी सुरू होते.

प्रेमकथा म्हणून ती कशी संपते हे वाचकाला दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीतच कळून चुकते. आम्हाला सहा महिने गुंतवून ठेवले ते वेगळ्याच गोष्टीने. शेवटी सारे जुळून आल्यावर ॲन वेंटवर्थला सांगते की, मागचा सगळा विचार मी निःपक्षपातीपणे केला आहे. लेडी रसेलचा सल्ला चुकीचा होता, पण तो मानण्यात मी चुकले नाही. ती माझ्या आईच्या जागी होती, आणि तिचे न ऐकता मी लग्नाचे वचन पाळले असते तर मनाच्या टोचणीने मला अधिक त्रास झाला असता. सल्ला चूक, आज्ञापालन बरोबर. या वाक्याशी मंडळ अडले.

महाविद्यालयीन मुलींना ते मुळीच पटले नाही. आठ वर्षे वाया गेली, आणि ही बाई अजून ‘माझे बरोबरच होते’ म्हणते! विवाहपूर्व वर्ग घेणाऱ्या दांपत्याने ॲनची बाजू घेतली, पण ती नको तितक्या उत्साहाने. त्यांच्या बोलण्यात ॲन ही वडीलधाऱ्यांचे ऐकणाऱ्या मुलीचे भित्तिचित्र होऊ लागली. या सगळ्यात एक ज्येष्ठ भगिनी बराच वेळ गप्प होत्या. घरच्यांच्या शब्दाखातर त्यांनी तरुणपणी एक स्थळ नाकारले आणि पुढे लग्न केले नाही, हे आम्ही बहुतेक जण जाणून होतो; त्यांनी मात्र ते कधी बोलून दाखवले नव्हते. त्या म्हणाल्या, “ॲनला तिचा माणूस परत मिळाला, म्हणून ती असं म्हणू शकते. न मिळता तर म्हणाली असती का?”

या कादंबरीवर घेता येईल असा याहून मोठा आक्षेप आमच्या वाचनात नाही. सुखान्त कथेतील नायिकेने क्षमाशील होणे स्वस्त असते. लेखिकेने तिच्या पदरात हवे ते टाकले, आता तिने उदार व्हावे यात नवल कसले? हा आक्षेप खरा ठरला असता, तर ‘पर्स्वेजन’ ही गोड गोष्ट उरली असती, मोठी कादंबरी नव्हे.

त्याचे उत्तर शेवटच्या प्रकरणात नाही, चौथ्या प्रकरणात आहे. वेंटवर्थ अजून परतलेला नाही. त्याच्या बहिणीचे कुटुंब घरात राहायला येणार एवढेच ठरले आहे, आणि ॲनला कसलीही आशा नाही. त्या निराशेच्या जागी उभी राहून ती आपल्या जुन्या निर्णयाचा हिशेब मांडते. लेडी रसेलला ती दोष देत नाही. तिच्या सांगण्याने वागलो म्हणून स्वतःलाही देत नाही. पण उद्या अशाच परिस्थितीतील एखादी तरुण मुलगी माझ्याकडे सल्ला मागायला आली, तर इतके निश्चित तात्काळ दुःख आणि इतके अनिश्चित भावी कल्याण पदरी घालणारा सल्ला मी तिला कदापि देणार नाही, असेही ती मनाशी म्हणते. उपांत्य प्रकरणात वेंटवर्थला ती जे सांगते ते शब्दांनी वेगळे, आशयाने हेच आहे, आणि असा सल्ला मी स्वतः कधीच देणार नाही हेही ती तिथे पुन्हा बजावते. सुख हाती नसताना केलेला न्याय आणि सुख हाती आल्यावर केलेला न्याय यांत अक्षराचा फरक पडत नाही. पुस्तकाच्या दोन टोकांना लेखिकेने हे दोन खांब रोवले आहेत, आणि त्यांच्यावर ॲनच्या सचोटीचे सारे ओझे आहे. चौथे प्रकरण पुन्हा वाचून झाल्यावर त्या ज्येष्ठ भगिनींनी एवढेच विचारले, “हे आधीच लिहिलंय होय?” आणि पुस्तक मागून घेऊन तो परिच्छेद स्वतःशी वाचला.

ॲनचे म्हणणे आज्ञाधारकपणाची शिकवण म्हणून वाचणे सोपे आहे, पण कादंबरी ते होऊ देत नाही. बाविसाव्या वर्षी तिला चार्ल्स मसग्रोव्हची मागणी आली. चांगल्या घरचा, शेजारचा, जमीनजुमल्याचा मुलगा. लेडी रसेलला ते स्थळ आवडले असते. या खेपेला ॲनने सल्ल्याला जागाच ठेवली नाही, नकार दिला. पुढे बाथ शहरात तिचा चुलतभाऊ, केलिंचचा भावी वारस विल्यम एलियट, तिच्याभोवती घोटाळू लागतो, तेव्हा लेडी रसेल पुन्हा मोहात पडते. तू आईच्या जागी केलिंचची मालकीण होशील, हे चित्र ती अशा रीतीने रंगवते की क्षणभर ॲनचेही मन हलते. पण ती वळत नाही. विल्यमचे कारस्थान उघडकीस येण्याआधीच तिने मनोमन नकार ठरवला आहे. वेंटवर्थ जेव्हा शंका काढतो की तीच बाई तुझ्या मागे बसलेली पाहून मला जुने सारे आठवले, तेव्हा ॲन त्याला सुनावते की, तुला फरक कळायला हवा होता. एकोणिसाव्या वर्षी मन वळवले गेले ते जोखीम टाळण्याच्या दिशेने, कर्तव्य समजून. जो आवडत नाही त्याच्याशी लग्न करण्यात कोणते कर्तव्य आले? प्रेम असलेला माणूस तूर्त सोडावा असे आईच्या जागची बाई सांगू शकते. प्रेम नसलेला माणूस धरावा असे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. हा फरक मुलींना एकदम पटला. आणि खरे सांगायचे तर तो मुलींपेक्षा आम्हा आईबापांनी वहीत लिहून ठेवण्यासारखा होता.

मग सल्ला चुकला कुठे? इथे ही कादंबरी ज्या जातकुळीची, म्हणजे रीतिभातींची कादंबरी म्हणून ओळखली जाते, तिचे मर्म येते. लेडी रसेल दुष्ट नाही, लोभीही नाही. तिची चूक वाचनाची आहे. ती माणसाच्या रीतीवरून त्याचे शील वाचते. वेंटवर्थची रीत तिच्या कल्पनेत बसली नाही. त्याचा हजरजबाबीपणा, त्याचा निर्धास्तपणा यात तिला उतावीळ स्वभावाचा धोका दिसला. विल्यमची रीत अदबशीर, मोजकी, सर्वांना रुचेल अशी. त्यात तिला स्थिर मन आणि शुद्ध विचार दिसले. दोन्ही वेळा ती एकाच पद्धतीने चुकली, आणि लेखिका अखेरीस हे स्पष्ट शब्दांत नोंदवते. ॲनला विल्यमविषयी संशय येतो तोही रीतीवरूनच, हे विशेष. तो कधी भडकत नाही, कधी हरखत नाही, एकमेकांशी न पटणाऱ्या माणसांनाही तो सारखाच आवडतो. जो क्वचित एखादा उतावीळ शब्द बोलून जातो, त्याच्या प्रामाणिकपणावर ॲनचा अधिक भरवसा आहे. आपल्याकडे मुलगा पाहायला गेलेली मंडळी परत येऊन ‘मुलगा फार शांत आहे, मान खाली घालून बसला होता’ असे सांगतात, तेव्हा आम्हाला आता लेडी रसेल आठवते.

ऑस्टिन रीतिभातींची थट्टा करते एवढेच आपण शाळाकॉलेजांत शिकतो. सर वॉल्टरच्या बाबतीत ते ठीक आहे. पण या कादंबरीत रीत हीच भाषाही आहे. ॲन आणि वेंटवर्थ यांना एकमेकांशी मोकळेपणी बोलण्याची सोय नाही. आधी तुटलेल्या संबंधाची भीड, त्यातून सदैव माणसांनी भरलेल्या खोल्या. ‘भीड भिकेची बहीण’ असे आपण म्हणतो. इथे भिडेपायी दोन माणसे जवळजवळ भिकेला लागतात. मग बोलणार ते कशाने? ॲन आजारी भाच्यापाशी गुडघ्यांवर बसली आहे, आणि त्याचा दोन वर्षांचा धाकटा भाऊ तिच्या पाठीवर चढून गळ्याला मिठी मारून बसला आहे, काही केल्या उतरत नाही. अचानक ओझे हलके होते. मूल कोणीतरी उचलले. कोणी, हे तिला क्षणभराने कळते. वेंटवर्थ एक शब्दही बोलत नाही, आभारही ऐकून घेत नाही, मुलाशी मुद्दाम गलका करत राहतो. पुढे लांबच्या रपेटीत ती थकली आहे हे त्याच्याच लक्षात येते. तो बहिणीच्या गाडीत तिला हात देऊन चढवतो आणि बाजूला होतो. अजून क्षमा नाही, पण तिचा थकवा त्याला पाहवत नाही. या दोन प्रसंगांत मिळून संवाद जवळजवळ नाहीच. आमच्या बैठकीत ते मोठ्याने वाचले तेव्हा बँकेतल्या गृहस्थांनी चष्मा काढून पुसला, आणि कोणी त्याविषयी बोलले नाही. त्यालाही रीतच म्हणायची.

वेंटवर्थला लेखिका सहज सोडत नाही, हेही नोंदवले पाहिजे. ज्या बाईचे मन दुसऱ्याने वळवले तिच्यावरचा त्याचा राग त्याला ‘ठाम’ मुलीच्या शोधात धाडतो. झाडावरचे एक टपोरे हेझलनट हातात घेऊन तो लुईझा मसग्रोव्हला खंबीरपणाचे महत्त्व समजावतो, आणि कुंपणाच्या आडून ॲन ते ऐकते. लुईझा धडा फार चांगला शिकते. लाइमच्या बंदरावर, नको नको म्हणत असताना ती दुसऱ्यांदा पायऱ्यांवरून उडी मारते आणि दगडी धक्क्यावर डोके आपटून बेशुद्ध पडते. हट्ट आणि निश्चय यांतला फरक त्याला त्या धक्क्यावर कळतो. सारे भांबावले असताना डॉक्टरला कोणी आणायचे हे सुचवणारी व्यक्ती जिला तो दुबळी समजत होता तीच निघते. आणि अखेरच्या संभाषणात तो स्वतःच कबूल करतो की १८०८ साली, चार पैसे गाठीला आले आणि जहाज हाती आले, तेव्हा पत्र लिहिण्याचा विचार त्याच्या मनात आला होता. लिहिले नाही, ते अभिमानापायी. लिहिले असते तर ॲनने होकारच दिला असता. म्हणजे आठांपैकी दोन वर्षे लेडी रसेलच्या नावावर, उरलेली सहा वेंटवर्थच्या. सनावळी लेखिकेने काळजीपूर्वक दिली आहे, आणि ती जुळवल्यावर आमच्या मुलींचा लेडी रसेलवरचा राग बराच निवळला.

लेडी रसेलच्या बाजूने सर्वांत भक्कम साक्ष येते ती अनपेक्षित ठिकाणाहून. मिसेस क्रॉफ्ट ही या कादंबरीतील सर्वांत सुज्ञ विवाहित स्त्री. पंधरा वर्षांच्या संसारात तिने नवऱ्याबरोबर चार वेळा अटलांटिक ओलांडला, एकदा पूर्वेकडील इंडीजपर्यंत जाऊन आली. शरीराने वा मनाने खरा त्रास झाला तो फक्त एका हिवाळ्यात, नवरा उत्तर समुद्रात आणि आपण एकटी डील गावी होते तेव्हा, असे ती सांगते. (नवरा बोटीवर असलेल्या आमच्या भगिनीने हे वाक्य पुन्हा वाचायला लावले. त्या वेळी पत्रे येत नव्हती एवढाच काय तो फरक, व्हॉट्सॲप आले म्हणून हिवाळा गेला असे नाही, असे तिचे मत पडले. ऑस्टिनचे दोन भाऊ नौदलात होते. धाकटा चार्ल्स पुढे पूर्वेकडील आरमाराचा प्रमुख होऊन १८५२ साली ब्रह्मदेशात वारला. समुद्रावरच्या माणसाच्या घरी काय चालते हे तिला ऐकीव नव्हते.) तर हीच मिसेस क्रॉफ्ट बाथच्या खाणावळीत म्हणते की, लग्न केव्हा करता येईल याचा भरवसा नसताना वचनात अडकणे फार असुरक्षित आणि शहाणपणाला सोडून आहे, आईबापांनी शक्य तोवर ते होऊ देऊ नये. त्याच खोलीत वेंटवर्थ पत्र लिहीत बसला आहे. त्याची लेखणी थांबते, मान वर होते, नजर ॲनकडे जाते. आठ वर्षे ज्या युक्तिवादाचा त्याने द्वेष केला तो आज त्याची लाडकी बहीण नकळत मांडत आहे. मात्र तीच मिसेस क्रॉफ्ट असेही म्हणते की, वाट पाहण्यापेक्षा थोड्या मिळकतीवर लगेच संसार मांडून दोघांनी मिळून अडचणींशी झगडावे हे मला अधिक पसंत. ऑस्टिन एका तोंडून दोन्ही बाजू वदवते आणि निकाल देत नाही.

तिला हा प्रश्न घरातून ठाऊक होता. १८१४ च्या नोव्हेंबरात तिची पुतणी फॅनी नाइट हिने एका मागणीविषयी तिचा सल्ला विचारला. फॅनी तेव्हा एकवीस वर्षांची. तिची आई १८०८ साली वारलेली. आत्याने पहिल्या पत्रात मुलाचे गुण सांगितले, मग उलट बाजूही सांगितली आणि प्रेमाशिवाय लग्न करण्यापेक्षा काहीही सोसलेले बरे असे बजावले. फॅनी आपल्या शब्दावर विसंबते आहे हे लक्षात येताच दुसऱ्या पत्रात ती घाबरून मागे सरली: माझ्या मतावर काहीच अवलंबून ठेवू नकोस, तुझ्या भावनेने आणि फक्त तुझ्याच भावनेने हे ठरू दे. फॅनीने ते लग्न केले नाही. नऊ महिन्यांनी आत्याने ‘पर्स्वेजन’ लिहावयास घेतली. चरित्रातून कादंबरी उकलण्याच्या फॅशनचा आम्हाला कंटाळा आहे. तरी आई नसलेल्या मुलीला सल्ला देणाऱ्या बाईचे चित्र लेखिकेने इतक्या ममतेने का रंगवले, याचा काही अंदाज या पत्रांवरून बांधता येतो.

कादंबरीत उणिवा आहेत. मिसेस स्मिथ ही ॲनची जुनी शाळासोबतीण, गरीब, आजारी, आणि विल्यमच्या दुष्कृत्यांची सारी माहिती बाळगून असलेली. ती जे सांगते ते कथेच्या गरजेपुरते आणि एकदमच सांगितले जाते. इतरत्र इतकी हलक्या हाताने लिहिणारी लेखिका इथे पत्राचा पुरावा काढून दाखवते. आम्हाला ते प्रकरण एखाद्या जुन्या बोलपटाच्या शेवटच्या रिळासारखे वाटले. शिवाय ॲनने विल्यमला आधीच मनातून नाकारले असल्याने त्या गौप्यस्फोटाची गरजही फारशी नव्हती. सर वॉल्टरही पहिल्या प्रकरणातल्याइतका पुढे कुठे जिवंत वाटत नाही.

लेखिकेला स्वतःला शेवट पसंत पडला नव्हता हे मात्र निश्चित ठाऊक आहे. पहिल्या खर्ड्यात ॲडमिरल क्रॉफ्टच्या घरी वेंटवर्थ एक निरोप पोहोचवायला म्हणून ॲनसमोर उभा राहतो आणि त्या ओघात सारे उलगडते. १८१६ च्या जुलैत तो शेवट लिहून झाला. मग तिने ते प्रकरण बाद केले आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात नव्याने लिहिले. बाद केलेली पाने आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. तिच्या प्रसिद्ध झालेल्या कादंबऱ्यांच्या हस्तलिखितांपैकी एवढीच उरली. नव्या शेवटात मिसेस क्रॉफ्टचे ते बोलणे आले, आणि कॅप्टन हार्व्हिलबरोबर ॲनचा तो वाद आला, ज्यात प्रेम अधिक काळ कोण जपते, पुरुष की स्त्री, याची चर्चा होते. हार्व्हिल ग्रंथांचे दाखले देऊ लागतो तेव्हा ॲन शांतपणे म्हणते की ते दाखले नकोत, लेखणी आजवर पुरुषांच्या हाती राहिली आहे. जवळच्या मेजावर वेंटवर्थ लिहीत आहे. त्याची लेखणी खाली पडते. तो ऐकतो आहे, आणि ऐकता ऐकता दुसऱ्याच कागदावर ॲनला पत्र लिहितो. जुन्या शेवटात त्याने विचारायचे आणि तिने होकार द्यायचा होता. नव्या शेवटात आधी ती बोलते. साऱ्या खोलीच्या देखत, रीत न मोडता, दुसऱ्याशीच बोलत असल्याप्रमाणे ती जे बोलते त्याने त्याला लिहिण्याचे बळ येते. एकोणिसाव्या वर्षी जिचे मन वळवले गेले, तिच्या शब्दांनी सत्तावीस वर्षांच्या वयात दुसऱ्याचे मन वळले. शीर्षक कोणीही दिलेले असो.

एका गोष्टीवर मात्र मंडळात अखेरपर्यंत मतभेद राहिला. लग्न ठरल्यावर लेडी रसेलपुढे काय उरले हे लेखिका एका परिच्छेदात सांगते: दोन्ही माणसांविषयी आपण सपशेल चुकलो हे कबूल करायचे, जुनी मते टाकून नवी घ्यायची. ती ते करते, कारण आपल्या हुशारीपेक्षा ॲनचे सुख तिला अधिक प्रिय आहे. पण हे घडताना आपल्याला दाखवलेले नाही. धर्ममाता आणि धर्मकन्या समोरासमोर बसल्या आहेत, आणि एकीने दुसरीला ‘माझे चुकले’ म्हटले, असा प्रसंग पुस्तकात नाही. शिक्षिकांचे म्हणणे पडले की ऑस्टिनने तो मुद्दाम टाळला, असे प्रसंग कागदावर फार लवकर नाटकी होतात. आमच्या ज्येष्ठ भगिनी म्हणाल्या, नाटकी झाला असता तरी चालला असता. ते एक पान वाचायला मिळायला हवे होते.